शाळेआधी शिक्षक घडविणारे कर्मवीर भाऊराव पाटील

जैन शासनात आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. भुकेल्याला अन्न देता येते, आजाऱ्याला औषध देता येते, भयभीताला आधार देता येतो. ज्ञानदानाचे मात्र तसे नाही. धनिकाने इमारत बांधून दिली, बाके आणून दिली, पुस्तकांची कपाटे भरून दिली, तरी वर्गात शिकविणारा शिक्षक नसेल तर ते दान दारातच थांबते. ज्ञान माणसाकडून माणसाकडे जाते. म्हणून एक चांगला शिक्षक तयार करणे म्हणजे पुढील तीस वर्षांच्या ज्ञानदानाची सोय करणे होय. हे सत्य ज्यांनी फार लवकर ओळखले आणि ज्यांनी उभे आयुष्य त्यासाठी वेचले, ते कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुळात जन्मले, ही समाजाला अभिमानाची आणि त्याहूनही अधिक विचाराची गोष्ट आहे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे हे गाव यात्रेकरूंना परिचित आहे. वडिलांचे नाव पायगोंडा व मातेचे नाव गंगाबाई. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते; त्यामुळे बदल्यांच्या गावी मुलाचे बालपण गेले. शरीराने दणकट, स्वभावाने हूड आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा असा हा मुलगा होता. अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या सर्व चरित्रांतून सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले. अभ्यासापेक्षा कुस्तीकडे व मित्रमंडळाकडे ओढा अधिक. गणित तर कायमचे वैरी. वार्षिक परीक्षेत गणितात ते नापास झाले, तेव्हा वरच्या वर्गात घालण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांकडून शब्द टाकण्यात आला. गणिताचे शिक्षक मोठे बाणेदार. भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक एक वेळ वर चढवू, पण भाऊरावांना नाही, असे उत्तर त्यांनी प्रत्यक्ष महाराजांना दिले. महाराजांनीही त्या शिक्षकाचा मान राखला. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास संपले. ते स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. परंतु सत्तेपुढे न वाकणारा शिक्षक कसा असतो, हे त्यांना त्या वर्गातच पाहावयास मिळाले. हा धडा गणिताहून मोठा ठरला.

बोर्डिंगातून बाहेर

कोल्हापुरात भाऊराव दिगंबर जैन बोर्डिंगात राहत असत. अण्णासाहेब लठ्ठे हे त्या वसतिगृहाचे प्रमुख होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास ठाम नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या धर्माने जीवमात्रात समान आत्मा मानला, त्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहात माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, आणि त्याला विरोध करणाऱ्या मुलाला बाहेर जावे लागले. त्या काळी अशी प्रथा सर्वच समाजांत होती हे खरे. पण त्यामुळे ती योग्य ठरत नाही. भाऊरावांना शाहू महाराजांनी आश्रय दिला. महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांचे जाळे उभारले होते. ते कार्य भाऊरावांनी जवळून पाहिले आणि पुढे एक पाऊल आणखी टाकले. सर्व जातींच्या मुलांची निजण्याची जागा एक, पंगत एक आणि चूलही एक, हा त्यांच्या वसतिगृहांचा पाया ठरला.

या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक विलक्षण आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्यामुळे बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी ती नाकारली. त्यासाठी तुरुंगवास पत्करला, छळ सोसला, परंतु असत्य बोलले नाहीत. क्षमा आणि सत्य या दोन व्रतांचे याहून स्पष्ट आचरण ते कोणते?

नांगर विकणारा मास्तर

प्रपंचासाठी भाऊरावांनी साताऱ्यात काही काळ मुलांच्या शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे व ओगलेवाडीच्या काच कारखान्याच्या मालाचे विक्रेते म्हणून त्यांनी खेडोपाडी वणवण केली. व्यापारी माणसाला फिरतीच्या या धंद्याचे मर्म कळते. गिऱ्हाईकाच्या ओसरीवर बसले की त्याच्या घरची खरी स्थिती समजते. भाऊरावांना दिसले ते असे : शेतकरी राबतो, पीक काढतो, पण हिशेब वाचता येत नाही म्हणून सावकाराच्या कागदावर निमूटपणे अंगठा उठवतो. नांगराने जमीन सुधारते, माणूस सुधारण्यास अक्षर लागते, ही खूणगाठ त्यांनी याच फिरतीत बांधली.

दुधगाव येथे मित्रांच्या साह्याने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविण्याचा पहिला प्रयोग त्यांनी आधीच केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. दलित समाजातील ज्ञानदेव घोलप या विद्यार्थ्याला भाऊरावांनी आपल्या घरी आणून त्याचा आरंभ केला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या काळातील खरी तपश्चर्या भाऊरावांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांची आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सर्व लेकरांना आपल्या हाताने जेवू घातले. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना बाजारात गेला. अखेरीस एका अडचणीच्या वेळी त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष पुढे केवढा विस्तारला, हे पाहण्याचे त्यांच्या भाग्यात नव्हते.

शाळेचा प्राण शिक्षक

वसतिगृहे वाढू लागली तसा भाऊरावांना एक प्रश्न सतावू लागला. बोर्डिंगात मुलगा राहील, जेवेल, पण खेड्यातील त्याच्या भावंडांना शिकविणार कोण? डोंगरकपारीच्या गावी शाळा नव्हती आणि असली तरी शिक्षक टिकत नव्हता. शहरात वाढलेला, शहराकडे डोळे लागलेला मास्तर बदलीची वाट पाहत दिवस काढी. भाऊरावांनी यावर जो उपाय योजला, त्यात त्यांची दूरदृष्टी दिसून येते. खेड्याला टिकणारा शिक्षक हवा असेल, तर तो खेड्यातूनच घडवावा लागेल, हे त्यांनी ताडले.

त्यानुसार १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. हेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. येथे तयार होणारा शिक्षक पाठ कसा घ्यावा हे तर शिकेच, परंतु स्वतःचे काम स्वतः करणे, सर्वांच्या पंगतीत बसणे आणि श्रमाची लाज न बाळगणे हेही शिके. त्यानंतर १९३८ साली साताऱ्याजवळच्या यवतेश्वर येथून स्वेच्छा पद्धतीच्या शाळांना आरंभ झाला. काही वर्षांतच अशा शाळांची संख्या ५०० च्या पुढे गेली. आधी शिक्षक, मग शाळा, हा क्रम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. बहुतेक संस्था इमारतीपासून आरंभ करतात. भाऊरावांनी माणसापासून केला. देवळाची ओसरी, धर्मशाळा, एखाद्याचा गोठा, यांपैकी जे मिळेल तेथे त्यांचे शिक्षक वर्ग भरवीत.

स्त्रियांनी शिकवावयास आल्याखेरीज मुली शाळेत टिकणार नाहीत, हेही त्यांनी जाणले. १९४२ साली त्यांनी साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय स्थापन केले.

माध्यमिक शिक्षकांची उणीव

प्राथमिक शिक्षणाची घडी बसत असतानाच १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. मोफत आणि वसतिगृहयुक्त असे हे हायस्कूल. कमवा आणि शिका हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात आले. मुलांनी शेतात, रस्त्यावर, बांधकामावर श्रम करावेत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी ही रचना होती.

परंतु हायस्कुलाचा शिक्षक तयार करणे ही प्राथमिक शिक्षकाहून निराळी बाब होय. प्राथमिक शिक्षकास व्हर्नाक्युलर फायनल व ट्रेनिंग पुरे होई. माध्यमिक वर्गांना पदवीधर लागे. गणित, शास्त्र, इंग्रजी हे विषय त्याला स्वतः नीट यावे लागत आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते समजावून सांगण्याचे शास्त्रही अवगत असावे लागे. हे शास्त्र शिकविणारी महाविद्यालये त्या काळी मोजकी आणि शहरांत होती. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली, तर पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ साली स्थापन झाले. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असे. ते वर्ष शहरात राहून, फी भरून आणि कमाईविना काढणे गरीब घरच्या पदवीधराच्या आवाक्याबाहेरचे होते.

मुळात खेड्यातील मुलगा पदवीपर्यंत पोहोचणेच दुरापास्त. म्हणून भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि तेथेही कमवा आणि शिका योजना लागू केली. १९४८ च्या जानेवारीत महात्माजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच वर्षी सरकारशी झालेल्या मतभेदामुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. खेड्यापाड्यांतील लोकांनी मदत केली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पूर्ववत झाले. या अडचणींतही हायस्कुले निघतच राहिली.

हायस्कुले वाढली तसे प्रशिक्षित पदवीधर शिक्षक अपुरे पडू लागले. अखेर १९५५ साली भाऊरावांनी साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू केले. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव त्याला देण्यात आले. अशा महाविद्यालयात पदवीधर विद्यार्थी दोन शालेय विषयांची अध्यापन पद्धती आणि बालमानसशास्त्र शिकतो, प्रत्येक पाठाचे टाचण लिहून काढतो आणि प्रत्यक्ष शाळेत जाऊन सराव पाठ घेतो. मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक त्याच्या चुका टिपून घेतात. फळ्यावरचे अक्षर, प्रश्न विचारण्याची रीत, मागे पडलेल्या मुलाकडे गेलेले वा न गेलेले लक्ष, सारे काही त्या वहीत उतरते. साताऱ्यात संस्थेची स्वतःची विद्यालये असल्याने सरावासाठी वर्ग दूर शोधावे लागणार नव्हते.

आझाद कॉलेजच्या स्थापनेने एक साखळी पूर्ण झाली. खेड्यातील मुलाने स्वेच्छा शाळेत अक्षर गिरवावे, बोर्डिंगात राहून हायस्कूल करावे, श्रम करून शिवाजी कॉलेजातून पदवी घ्यावी, आझाद कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घ्यावे आणि रयत सेवक होऊन पुन्हा एखाद्या खेड्यातील हायस्कुलात उभे राहावे. कापडात जसा उभा धागा आडव्या धाग्याने बांधला जातो, तशी ही वीण होती. एक धागा काढला तर सारे उसवेल. म्हणूनच भाऊरावांच्या पश्चातही ती टिकून राहिली.

नावाचा मोह नाही

भाऊरावांनी आपल्या संस्थांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. शाहू, सयाजीराव, जिजामाता, शिवाजी, गाडगे महाराज, आझाद! स्वतःचे नाव कोठेही नाही. महाविद्यालयाचे नाव बदलल्यास मोठी देणगी देण्याची तयारी एका धनिकाने दाखविली असता, एक वेळ स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन पण कॉलेजचे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावण्यात वावगे काही नाही. त्यातून इतरांना प्रेरणा मिळते. परंतु पाटी हे दानाचे प्रयोजन होऊ नये, एवढा बोध या प्रसंगातून प्रत्येक विश्वस्ताने व दात्याने घ्यावा.

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. इंग्रजी सहावीत ज्याचे पाऊल अडले, त्याच्यापुढे विद्यापीठ नम्र झाले. पुढे थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्मवीरांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. आज संस्थेच्या ७०० हून अधिक शाखा महाराष्ट्रात व कर्नाटकात आहेत. खाडीपलीकडे वाशी येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे आणि २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाने विद्यापीठही स्थापन झाले आहे.

आजच्या काळाला बोध

आज शिक्षक होण्याची वाट पूर्वीपेक्षा लांब झाली आहे. २०१५ पासून बी. एड. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविण्यासाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नवव्या-दहाव्या इयत्तेसाठी विषयाची पदवी आणि बी. एड. दोन्ही हवे. नव्या शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आणला आहे. शिक्षक अधिक तयारीचा व्हावा, हा या सर्वांमागचा हेतू स्तुत्य आहे. परंतु गरीब घरातील हुशार मुलाला वा मुलीला ही वर्षे कमाईविना काढावी लागतात. १९५५ साली जी अडचण होती, तिचे रूप बदलले, अडचण गेली नाही.

मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत, जैन समाज दानशूर म्हणून ओळखला जातो. मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा, दवाखाने यांसाठी समाजाचा हात नेहमी सढळ राहिला आहे. डॉक्टर, इंजिनिअर, सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या मुलांनाही साह्य मिळते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलाचा अर्ज मात्र क्वचितच पुढे येतो, आणि आला तरी घरचेच त्याला दुसरे काहीतरी करण्याचा सल्ला देतात. व्यापारी कुटुंबात तर हा पेशा कमी मिळकतीचा म्हणून बाजूला ठेवला जातो. मग मुलांना चांगले शिक्षक मिळत नाहीत, ही तक्रार कोणाकडे करावयाची?

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी समाजाने आपल्या ज्ञानदानातील एक वाटा अशा शिकाऊ शिक्षकांसाठी राखून ठेवावा. तो देताना त्याची जात, पंथ, भाषा पाहू नये. ज्या वसतिगृहातून भाऊरावांना बाहेर पडावे लागले, त्या दाराशी समाजाचे जे देणे राहिले आहे, ते फेडण्याचा याहून उचित मार्ग दिसत नाही. एका शिक्षकाच्या दोन वर्षांचा भार उचलला, तर त्याच्या हातून पुढे शिकून जाणाऱ्या शेकडो मुलांच्या पुण्याचा वाटा त्या दानात असेल.

स्वतः परीक्षेत नापास होऊनही हजारो शिक्षकांना घडविणाऱ्या या ज्ञानतपस्वी कर्मवीरास विनम्र अभिवादन.